मालदीवच्या छोट्या बोटीवरून: डॉल्फिन, कासवं अन् व्हेल शार्कचा लॉग

मंडळी, मालदीवचा लॉग टाकतोय. आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, सगळी प्रॅक्टिस पैठणला नाथसागरावर झालेली, पण तीच सवय तिकडं लई कामी आली. धरणावर सुरय पक्षी एकाच जागी धडाधड सूर मारायला लागले की खाली मासळी आहे हे आपण लांबूनच ओळखतो ना, समुद्रातही तसंच, फक्त तिथं सुरयांसोबत नॉडी नावाचे काळपट पक्षी असतात, अन् तिथले कोळीसुद्धा पक्षी बघूनच टूना शोधतात. त्यामुळं मी अन् दाजी पाण्याकडं टक लावायच्या ऐवजी आधी आभाळ बघायचो.

डॉल्फिन बहुतेक स्पिनर जातीचे. रात्रभर बाहेर खोल पाण्यात शिकार करायची अन् सकाळी अ‍ॅटॉलच्या म्हणजे प्रवाळबेटांच्या गोल कड्याच्या आतल्या शांत पाण्यात आरामाला यायचं हा त्यांचा दिनक्रम, म्हणून सकाळी लवकर डेकवर या. बारीक लांब चोच, पाठ गडद, मधे राखाडी पट्टा, पोट पांढरं. अन् उडीत स्वतःभोवती गरागरा फिरला की प्रश्नच मिटला, बॉटलनोज डॉल्फिन उडी मारतो पण असा फिरत नाही.

यावेळी सगळ्यात जास्त वेळ कासवांना दिला. हिरवं कासव अन् हॉक्सबिल यातला फरक आता पाण्यात तरंगता तरंगता कळतो. डोळ्यांच्या मधे, नाकपुड्यांच्या वरचे खवले बघायचे, हिरव्याला एक जोडी, हॉक्सबिलला दोन. शिवाय हॉक्सबिलची चोच टोकदार असते अन् पाठीवरची कवचं कौलांसारखी एकमेकांवर चढलेली. एक हॉक्सबिल पुढचा पाय प्रवाळावर टेकवून स्पंज ओरबाडायलं होतं, मान मागं खेचून एकेक तुकडा तोडायचं, अन् उडालेला चुरा वेचायला छोटे मासे अगदी तोंडाशी. किती तरी वेळ मी हललोच नाही. याच कवचासाठी माणसानं यांना इतकं मारलं की आज ही जात अतिसंकटग्रस्त यादीत आहे, हे तिथं बघताना फार लागतं.

व्हेल शार्क दक्षिण अरी अ‍ॅटॉलला दिसला, तिथं तो वर्षभर असतो, अन् बहुतेक वयात न आलेले नर. प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी, कल्ल्यांच्या मागचा डाव्या बाजूचा फोटो मिळाला तर तो कोणता प्राणी हे संशोधकांना सांगता येतं, म्हणून तोंडासमोर सेल्फीपेक्षा तो एक फोटो घ्या. तीन-चार मीटर लांब राहायचं, फ्लॅश नाही, हात लावायचा नाही. अन् एकाच माशाभोवती चार बोटी जमल्या असतील तर माझ्या मते पाण्यात उतरूच नये, वरून बघावं.

मांटा, म्हणजे पंखासारखे पर असलेले मोठे चपटे मासे, बघायचे असतील तर बा अ‍ॅटॉलची हनिफारू खाडी, साधारण मे ते नोव्हेंबर. पावसाळ्यातल्या प्रवाहांनी प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) तिथं साचतं अन् ते खायला मांटा गोळा होतात. आमचा रूट तिकडं नव्हता.

दुर्बिणीचं एक सांगतो, धरणाच्या काठावर १०×४२ (दहापट मोठं दाखवणारी) मस्त चालते पण हलत्या डेकवर त्यातून सगळं थरथरतं. दाजींची ७×५० (सातपट) तिथं कितीतरी बरी, चित्र स्थिर राहतं.

आता हिवाळ्यात मालवण, हंपबॅक डॉल्फिनसाठी. पाठीवरच्या पराखाली उंचवटा असतो म्हणे स्पष्ट दिसतो, तो किनाऱ्यावरूनच टिपता येतो का ते बघायचंय.