वारा वाट दाखवतो

आजचा अख्खा रविवार ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’मध्ये गेला. सकर पंच या स्टुडिओचा 2020 सालचा व्हिडिओ गेम. काळ 1274 च्या मंगोल स्वारीचा, जागा जपानचं त्सुशिमा बेट, आणि आपण जिन साकाई नावाचा सामुराई.

यात स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटा नकाशा नाही. मोठा नकाशा उघडून ठिकाण निवडायचं, कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट वर सरकवायचं, की वारा सुटतो. गवताचे तुरे एका अंगाला झुकतात, पानं उडत पुढे जातात. तीच आपली दिशा! त्यामुळे नजर सारखी कोपऱ्यातल्या ठिपक्याकडे वळत नाही, समोरच्या डोंगरावरच राहते. गेम डिझाइनमधली ही फार थोर कल्पना आहे असं मला मनापासून वाटतं.

आडवाटांचंही तसंच. मध्येच एक पिवळा पक्षी भिरभिरत पुढे जातो. मागोमाग गेलं की गरम पाण्याचं कुंड तरी सापडतं, नाहीतर एखादं देवस्थान. कोल्हा दिसला तर त्याच्यामागे पळायचं, तो थेट इनारी या जपानी देवतेच्या देवळीपाशी नेतो. आणि मग त्याला कुरवाळताही येतं! सोडवलेले शेतकरी बोलता बोलता पुढच्या कामाचा ठावठिकाणा सांगून जातात.

नकाशाभर चिन्हं पेरणारे गेमही मी आवडीनं खेळलोय, पण तिथे यादी उरकल्यासारखं होतं.

मुख्य कथा आज जेमतेम पुढे सरकली. असा गुपचूप वाट दाखवणारा दुसरा कुठला गेम माहीत असेल तर सांगा, पुढचा तोच घेतो.