स्टुडिओचे टेबल

अशोक चौकाजवळच्या आमच्या घरातील छोट्या स्टुडिओचे टेबल आज एकदाचे उभे राहिले. बाजारातील टेबले साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात. त्यांवर ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड ठेवला की वाजवणाऱ्याचे खांदे वर उचलले जातात आणि मान आखडते. त्यामुळे कीबोर्डासाठी खाली सरकता कप्पा हवा, असे मी मिस्त्रींना सांगितले, तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवून कोपरापासून जमिनीपर्यंतचे माप घेतले, कानावरची पेन्सिल काढून ते थेट प्लायवर लिहिले आणि माझा कागदी नकाशा बाजूला ठेवला. स्पीकरच्या बाबतीत मात्र मी हटून बसलो. दोन्ही स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा व ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधले उंच स्वर वाजवणारे छोटे भाग, कानाच्या उंचीवर यावेत, एवढ्यासाठी मागची फळी उचलून घेतली. विजेच्या वायरी आणि माइकच्या केबल समांतर चिकटून गेल्या तर घरघर येते, म्हणून दोन्हींसाठी वेगळी भोके पाडली. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट अर्थातच कोणतेही टेबल थांबवणार नाही. रेकॉर्डिंगसाठी माग बंद असण्याची वेळ गाठणे आलेच. सनमायका उद्या बसेल. मिस्त्रींनी चकचकीत सुचवला होता, मी मॅट घेतला.