जेटीच्या उतारावर पाय टेकेल ती गाडी

मला बुलेटच घ्यायची होती. वय चौतीस, उंची पाच फूट तीन इंच, गिअरची गाडी आयुष्यात हातात धरलेली नाही, तरी बुलेट. आईने कपाळाला हात लावला.

आमचं घर धोपाव्याच्या बाजूला आणि नोकरी दापोलीत, मेडिकल स्टोअरला. म्हणजे फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळ, तिथून पुढे मिळेल ती एसटी. संध्याकाळी परतीची गाडी चुकली की बोटही चुकते, आणि मग चिपळूणवरून वळसा घालून येण्याऐवजी मैत्रिणीकडे मुक्काम केलेला परवडतो. स्कूटी होती, पण तिची दहा-बारा इंची चाकं पावसाळ्यातल्या खड्ड्यात अशी काही बसतात की माणूस आधी बाहेर येतो आणि गाडी मागून. म्हणून मोठ्या चाकांची मोटरसायकल.

लर्निंग लायसन्स ऑनलाइन निघालं. ते सहा महिने चालतं, आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट तीस दिवसांनंतरच देता येते. ते तीस दिवस मी चुलतभावाच्या, बुलेटच्याच कंपनीच्या क्लासिक ३५० वर काढायचे ठरवले. दादाने किल्ली दिली, वर "सावकाश हां" एवढंच म्हणाला.

तिसऱ्याच दिवशी अंगणात गाडी वळवताना मी हँडल तिरकं असताना पुढचा ब्रेक दाबला. गाडी डावीकडे झुकली, मी पाय टाकला, तर तिथे अंगण संपून कातळाचा उतार सुरू झालेला. पाय पोचलाच नाही. ती गाडी १९५ किलोची आहे. पडताना तिला थांबवायचा विचारसुद्धा करू नये, सरळ बाजूला व्हावं, हे मला त्याच क्षणी कळलं. इंडिकेटर तुटला, क्लचचा लिव्हर वाकला. दादा काही बोलला नाही. मात्र उचलायला शिकवलं: गाडीकडे पाठ करायची, कंबर सीटला टेकवायची, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागचा दांडा, आणि जोर पाठीचा नाही, मांड्यांचा. चार वेळा उचलून झाल्यावर माझं बुलेटप्रेम निम्म्यावर आलं होतं.

उरलेलं निम्मं गॅरेजवाल्या काकांनी उतरवलं. "चालवायची नंतर गो," ते म्हणाले, "आधी ढकलून बघ. बंद गाडी, चढावर, मागे." ही परीक्षा मी त्यानंतर प्रत्येक गाडीला लावली. शोरूममध्येही. तिथला मुलगा सगळी माहिती दादाला सांगत होता, मला म्हणाला, "मॅडमसाठी स्कूटर दाखवू का?" मी गाडी मागे ढकलत बसले.

कागदावरची सीटची उंची फसवते. क्लासिकची ८०५ मिलिमीटर, स्प्लेंडरची ७८५. फरक दोन सेंटीमीटरचा. पण रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय आखूड होतात. अरुंद सीटवर पाय सरळ खाली उतरतो. स्प्लेंडरवर माझे दोन्ही चवडे टेकले, जरा कललं की एक टाचही. वजन ११२ किलो. दादाने "दूधवाल्याची गाडी" म्हणून नाक मुरडलं. मुरडू दे. पाडली तर मी एकटी उचलू शकते.

नवी घ्यायची नाही हे नक्की होतं, पहिली गाडी आपटणारच. जुनी मात्र किनाऱ्यावर बघून घ्यावी लागते. हर्णैला एक गाडी पाहिली, काळी कुळकुळीत, टाकी आरशासारखी. काकांनी सीट काढली, खालच्या पाइपवर स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकं ओढलं, आणि ताज्या रंगाचा पापुद्रा भाकरीच्या पापुद्र्यासारखा उचलला गेला. खाली लालभडक गंज. "मासळीचे क्रेट वाहिलेत हिने," काका म्हणाले. खारं पाणी मागच्या कॅरिअरवरून वर्षानुवर्षं तिथेच ठिबकलेलं. मालकाने आमच्याकडे बघितलं नाही, समुद्राकडे बघितलं.

शेवटी खेडच्या आतल्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींची २०१८ ची स्प्लेंडर मिळाली, अडतीस हजारांत. टाकीत टॉर्च मारून पाहिली, पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय का पाहिलं, इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडले, चलान थकलंय का ते मोबाइलवर पाहिलं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या समोरच घेतल्या. विमाही नावावर करायचा असतो, त्यासाठी विमा कंपनीकडे चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो. आमच्याकडे निम्मे लोक हे विसरतात आणि अपघात झाला की आठवतं.

नवा गोंधळ गिअरचा. दादाच्या गाडीला पहिला खाली, बाकी वर. हिला चारही पुढे दाबायचे. आठवडाभर मी दुसरा टाकायला जाऊन न्यूट्रलमध्ये घोंगावत होते. आरटीओच्या कॅम्पला टेस्टच्या दिवशी आठचा आकडा मात्र पाय न टेकता काढला.

मग खरी परीक्षा, जेटी. जूनचा पहिला आठवडा, पूर्ण ओहोटी. ओहोटीला बोट खाली जाते, उतार लांबतो आणि त्याचा पाण्याकडचा भाग शेवाळाने हिरवा असतो. पहिला गिअर, अर्धा क्लच, फक्त मागचा ब्रेक, हँडल सरळ. खलाशी शिट्टी मारत होता, मी त्याच्याकडे बघितलंच नाही. चाक लोखंडी फळीवर चढताना ठाण्णकन आवाज आला आणि मागचं चाक वीतभर सरकलं. मी डावा पाय टाकला. टेकला.

पलीकडे दाभोळला चढताना गाडी बंद पडलीच. एक किक, दुसरी किक, चालू. मागच्या टेम्पोवाल्याने एवढ्या वेळात हॉर्न कसा दिला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.