तो रिकामा दांडा कापू नका

बबियाना रिंजेन्स ही केशर आणि ग्लॅडिओलसच्या कुळातली रानवनस्पती. मूळ गाव दक्षिण आफ्रिकेचा पश्चिम केप प्रांत, जागा वाळूची. बबून माकडं हिचे कंद उकरून खातात, त्यावरून बबियाना हे नाव पडलं.

लालभडक, नळीसारखी फुलं जमिनीलगत येतात आणि त्यांच्यावर एक बोडका दांडा उभा राहतो. टोकाला कळी नाही, काही नाही. वाळलेला समजून तो छाटण्याचा मोह होतो, पण झाडाचं सगळं कसब त्यातच आहे. मॅलाकाइट सनबर्ड, म्हणजे आपल्या शिंजिराचा हिरवागार भाऊबंद, त्या दांड्यावर डोकं खाली करून लटकतो आणि खालच्या फुलात चोच घालतो. तेवढ्यात परागकण त्याच्या छातीला लागतात. २००५ साली ‘नेचर’मध्ये याबद्दलचं संशोधन छापून आलं. पक्ष्याला बसायला काठी तयार करणारं झाड! किती देखणी सोय आहे ही.

लावायचं असेल तर आधी पाण्याचं वेळापत्रक उलटं करा. केपमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. आपल्याकडे नेमकं याच्या विरुद्ध, म्हणून कंद मरतात ते बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, कुजून. त्या काळात कुंडी छपराखाली, अगदी कोरडी ठेवा.

बी ऑक्टोबरअखेर, रात्री गार व्हायला लागल्या की पेरा. तीन भाग जाडी नदीची वाळू, एक भाग चाळलेलं पानखत. शेणखत नको, कंद सडतो. बियांवर अर्धा सेंटीमीटर वाळू पुरे. उगवायला तीन ते सहा आठवडे लागतात. गवताच्या पात्यासारखं एकच पान दिसेल, ते तण म्हणून उपटू नका. कुंडी निदान २५ सेंटीमीटर खोल हवी, कारण आखडणारी मुळं कंदाला दरवर्षी आणखी खाली ओढतात. उथळ कुंडीत तो तळाच्या ओलीत जाऊन बसतो.

ऊन भरपूर, पाणी वरची वाळू सुकली की. पानं पिवळी पडायला लागली की पाणी थांबवा, पण हिरवी असताना कापू नका. पुढच्या वर्षीचा कंद त्यांच्यावरच भरतो. बियांपासून फूल साधारण तिसऱ्या हंगामात येतं. रानातून उपटलेले कंद मात्र घेऊ नका, रोपवाटिकेत वाढवलेलं बीच मागा.