पोट्टे घेऊन नागपूरच्या जंगल-पार्कात गेलो, माझा अनुभव

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणीच्या बाजूला, बोरच्या जंगलाला लागून. बोर 2014 ला व्याघ्रप्रकल्प झाला, अन् वाघ वावराच्या बांधापर्यंत येतो, त्यामुळे पोट्ट्यांना नाल्यापलीकडे कोणी जाऊ देत नाही. माझी पोरगी नऊ वर्षांची, जंगल रोज दिसते तिला पण आत पायी कधीच चालली नाही. नागपूरच्या पार्कात पोरांसाठी दोरांचा अ‍ॅडव्हेंचर ट्रेल आहे कळलं तेव्हाच ठरवलं, न्यायचंच.

फेब्रुवारीतला रविवार, पळस फुललेला. सकाळची एसटी पकडली, मी, सासूबाई, पोरगी अन् अकरा वर्षांचा भाचा. एसटीत बायांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे म्हणून परवडते. गेटवर तिकीट काढलं, ट्रेलचा फॉर्म भरला, सही केली, पोरांची उंची मोजली अन् मग तिथला पोरगा म्हणे, ताई चपलेवर नाही जमत, बूट पाहिजे. पोरगी चपलेवर! तिचं तोंड एवढंसं झालं. हे तिकिटाच्या खिडकीवरच लिहायला पाहिजे, लांबून येणाऱ्यानं काय करायचं? शेवटी भाचा आधी जाऊन आला, मग त्याचेच बूट, आत दोन मोजे घालून, तिला चढवले.

हेल्मेट, कमरेला पट्टा अन् पट्ट्याला दोन हुक. नियम एकच, पुढच्या तारेला एक हुक लावल्याशिवाय मागचा काढायचा नाही, म्हणजे एकतरी कायम अडकलेला राहते. टायर, जाळी पटापट केलं तिनं पण पुलावर, पायाखाली एकच तार अन् हाताला दोन बाजूनं दोर, मधोमध थांबली. "आई वं, मले भेव लागते!" माझ्याच पोटात गोळा आला. सासूबाई खालून ओरडल्या, "खाली नोको पाहू माय, हुक पाय!" तिनं हुकाकडे पाहिलं, एक पाय सरकवला, मग दुसरा. पलीकडे पोचली तेव्हा हाताचे तळवे लालभडक.

पण मला खरं आवडलं ते नंतरचं, झाडांमधून जाणारी पायवाट. प्रत्येक झाडाला नावाची पाटी. सासूबाईंना वाचता येत नाही, त्या पाटीच्या आधीच नाव सांगायच्या, मोह, धावडा, टेंभरून, अन् पोरगी पळत जाऊन वाचून यायची, बरोबर आहे आजी! पांढऱ्याफटक खोडाच्या झाडाला त्या म्हणाल्या भुताचं झाड, पाटीवर होतं कडई. तिथंच बसून सांगितलं त्यांनी, लहानपणी चैतात मायसोबत पहाटे मोहफुलं वेचायला जायच्या, टेंभरूनची पानं तोडायच्या, ह्याच बोरच्या जंगलात. इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कळलं.

एसटीत पोरगी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होती, तू गेली तर मले काऊन नाही जाऊ देत? सासूबाई तिच्या हाताला बोरोलीन चोळत राहिल्या.