शेवाळाचं डिझेल आणि टँकरभर पाणी

शेवाळाच्या तेलापासून बायोडिझेल बनवायच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी क्लोरेला हे एकपेशीय शेवाळ घेतलं. मूळ कल्चर पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीव संग्रहातून मिळालं. वाढवायला फारसं लागत नाही: बीजी-११ माध्यम (शेवाळाला लागणाऱ्या क्षारांचं द्रावण), ट्यूबलाइट, फिशटँकचा एअर पंप आणि पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार. पुण्यातल्या एप्रिलच्या उन्हात मात्र जार बाहेर ठेवता येत नाहीत. क्लोरेलाला २५ ते ३० अंश मानवतात.

तेल हवं तर शेवाळाला उपाशी ठेवावं लागतं. माध्यमातलं सोडियम नायट्रेट, म्हणजे त्यांचा नायट्रोजन, संपलं की पेशींना प्रथिनं बनवता येत नाहीत. मग प्रकाशात बांधलेला कार्बन त्या तेलाच्या रूपात साठवतात. गर्द हिरवा जार पिवळसर पडतो. पण वाढही थांबते, म्हणून आधी पोटभर खाऊ घालायचं आणि मग उपास.

“आधी पाणी काढायला शीक, तेलाचं नंतर बघू,” असं मॅडम पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. त्याचा अर्थ काढणीच्या वेळी कळला. काही मायक्रॉनच्या या पेशी फिल्टर पेपर तुंबवतात, आपणहून लवकर तळाशी बसत नाहीत. तुरटी घातल्यावर त्यांचे पुंजके झाले, वरचं पाणी नळीने काढलं, उरलेलं सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून गाळ वेगळा केला, तो ओव्हनमध्ये वाळवला. ओलावा राहिला तर पुढे डिझेलऐवजी साबण होतो. लिटरला अर्धा ग्रॅम सुकी पूड आणि तिच्यात २० टक्के तेल धरलं, तर एका जारमधून जेमतेम २ ग्रॅम तेल निघतं. लिटरभर तेलासाठी ९,००० लिटर हिरवं पाणी उपसावं लागेल, म्हणजे आपल्या सोसायट्यांमध्ये येतो तो जवळजवळ अख्खा टँकर! त्या उपशाला आणि वाळवणीला लागणारी वीजच या इंधनाचा भाव ठरवते.

सॉक्सलेट या काचेच्या उपकरणात हेक्झेन या द्रावकाने पुडीतून काढलेलं तेल हिरवंगार होतं, कारण हरितद्रव्यही सोबत येतं. मिथेनॉल आणि उत्प्रेरकाच्या क्रियेनंतर खाली ग्लिसरीन आणि वर बायोडिझेलचा पातळ थर दिसला, तेव्हा फार आनंद झाला.

आता मी क्लोरेला प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात वाढवते आहे. त्यात नायट्रोजन-फॉस्फरस आयतेच असतात, वेगळी रसायनं लागत नाहीत. तेल थोडं आलं तरी मुळा-मुठेत जाणारी ती पोषकद्रव्यं कमी होतील. मला हे काम त्याच्यासाठीही पुढे न्यायचं आहे.