तुम्ही विचारलंत म्हणून: त्या हवालदाराचं वकीलपत्र

लग्नात, कोर्टाच्या बाररूममध्ये, एकदा तर दातांच्या डॉक्टरने मला आ करायला लावून विचारलं, "कोठडीत माणूस मेला, त्या हवालदाराचं वकीलपत्र घेतलंतच कसं?"

आधी पाठ झालेलं उत्तर. घटनेचं कलम 22, म्हणजे अटक झालेल्याचा आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क, हवालदारालाही लागू आहे. कोइमतूरच्या वकिलांनी ठराव केला होता, आरोपी पोलिसांसाठी कोणी उभं राहायचं नाही. 2010 मध्ये ए. एस. मोहम्मद रफी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले. कसाबलाही वकील मिळाला. आणि हो, फी घेतली. पूर्ण. फुकट लढलो असतो तर बरा वाटलो असतो का?

ज्युनिअर होतो तेव्हा अटक आणि कोठडीबद्दलच्या, सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालातल्या अकराही सूचना मला तोंडपाठ होत्या. अटकेची खबर नातेवाइकांना, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी. या खटल्यात त्या तपासणीचा कागदच नव्हता. मला पहिल्याच वाचनात दिसलं. बोललो नाही, ते सरकारी वकिलांनी दाखवायचं.

मयताची बायको पिंजऱ्यात आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. आमचा बचाव होता, नशेत पडला, डोक्याला लागलं. उलटतपासात विचारलं, नवरा दारू प्यायचा?

"प्यायचे. पण त्या दिवशी नव्हते प्यायले. डबा घेऊन कामावर गेले होते."

टंकलेखक 'साक्षीदार स्वतःहून सांगते की' इथवर आला आणि मी हरकत घेतली: प्रश्नाचं उत्तर संपलंय. साहेबांनी मानली. कागदावर राहिलं, 'हे म्हणणे खरे आहे की, माझे पती दारू पीत असत.' डबा बाहेरच. ती माझ्याकडे नाही, टंकलेखकाच्या बोटांकडे बघत होती. फेरतपासात सरकारी वकिलांना विचारता आलं असतं. नाही विचारलं. (हे मी दर वेळी सांगतो.)

संशयाचा फायदा मिळून हवालदार सुटला.

माझ्यातला तो जुना ज्युनिअर मला म्हणतो, वकीलपत्र घ्यायचंस, ती हरकत घ्यायची नव्हतीस. मी म्हणतो, अर्धाच बचाव करायचा तर वकीलपत्र कशाला? तो गप्प बसतो. मग विचारतो, त्या कागदाचं काय?

गेल्या आठवड्यात दुसऱ्या ठाण्यातून फोन आला. कोठडीतलंच प्रकरण. "कागद घेऊन या," म्हटलं.